बालवर्गातलं 'दुकान-दुकान', आमचा वॉचमन आणि पालकांना दिसणारी कोरी वही

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. तालुक्याच्या गावी एका बालवर्गात अकरा वर्षं ताई म्हणून काम करतेय. साडेतीन ते साडेपाच वयाची सव्वीस मुलं, मी आणि एक मावशी. यंदा जूनपासून आम्ही रोजचा दीड तास मोकळ्या खेळाला दिलाय. मोकळा म्हणजे सोडून दिलेला नाही. मांडामांड मी करते, खेळ मुलांचा. त्याबद्दल लिहायचंय, आणि शेवटी एक अडचण पण आहे.

वर्गाच्या एका कोपऱ्यात दुकान आहे. तुपाचे रिकामे डबे, चिंचोके, रिठे, भुईमुगाच्या शेंगा, कापडी पिशव्या आणि भंगारवाल्याकडून आणलेली एक खरी तागडी. या तागडीवरून पहिल्या आठवड्यात रोज भांडणं. चार जण ओढायचे, एक रडायचा आणि मी धावत जाऊन "तू घे, मग तू घे" असं वाटून द्यायचे. आठवडाभराने माझ्या लक्षात आलं की भांडण मिटवायची प्रॅक्टिस फक्त माझी होतेय, मुलांची नाहीच. मग ठरवलं की जवळ जाऊन बसायचं, मारामारी झाली तरच हात घालायचा, नाहीतर फक्त जे दिसतंय ते बोलायचं. "दोघांनाही तागडी पाहिजे. तागडी एकच आहे. आता काय करायचं?" आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं फार अवघड आहे हो, जीभ नुसती वळवळते. पहिले दोन दिवस काहीच झालं नाही, तिसऱ्या दिवशी एक चिमुरडी म्हणाली, "तू वजन कर, मी पैसे घेते, मग उलटं." चिंचोक्यांचे पैसे आणि चिंचोकेच माल, पण कुणाला काही अडलं नाही.

आता आमचा वॉचमन. वर्गात एक मुलगा आहे, इथे त्याला बंडू म्हणते. रांगेत थांबणं त्याला जमायचंच नाही, ढकलून पुढे, नाही मिळालं की दुकान उधळायचा. बाकीची मुलं त्याला खेळात घ्यायला घाबरायला लागली होती आणि मला तेच जास्त लागत होतं. त्याला समजावून झालं, बाजूला बसवून झालं. एक दिवस दुकान मांडायचं चाललं होतं, मी सहज म्हटलं, "अरे, या दुकानाला वॉचमन नाही का? शटर उघडेपर्यंत कुणाला आत सोडायचं नाही हं." पठ्ठ्या दारात जाऊन उभा राहिला. हात मागे, मान ताठ. एका गाण्यापुरता बसत नाही तो मुलगा, दुकान मांडून होईपर्यंत हलला नाही. मी घड्याळ बघत होते, सात मिनिटं. मावशींनी मला खुणेनं दाखवलं तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी आलं, खरंच सांगते.

आता अडचण. परवा पालकसभा झाली. एक बाबा उठून म्हणाले, "ताई, तीन महिने झाले, वही कोरी आहे. खेळायलाच पाठवायचं तर घरासमोर अंगण आहे की." चिडून नाही, काळजीने म्हणाले. मला तिथे नीट उत्तर देता आलं नाही. थांबणं, मागणं, नाही म्हणणं, डबा उघडणं, सांडलं तर पुसणं हे सगळं शिकतंय मूल, पण ते वहीत कसं दाखवू? तुम्ही कुणी पालकांना हे कसं समजावता? आणि तुमच्याकडे कुठले खेळ चालतात तेही लिहा.

---

चिंचेचा_कोळ

धागा आवडला, पण त्या बाबांच्या जागी मीच आहे असं वाटलं म्हणून लिहितेय. माझी मुलगी पावणेपाच वर्षांची, अशाच खेळाच्या शाळेत जाते. माझ्या नणंदेचा मुलगा तिच्याच वयाचा, पन्नासपर्यंत लिहितो आणि ए टू झेड, क ते ज्ञ सगळं. दिवाळीला सगळे एकत्र जमलो की त्याची वही सगळ्यांसमोर निघते आणि माझ्या पोटात गोळा येतो. आपण हौसेपायी पोरीचं नुकसान तर करत नाही ना? पहिलीत गेल्यावर मागे पडली तर कोण जबाबदार? मला खेळ नकोय असं नाही. भीती वाटते, बस.

---

रानजाई

ताई, मी अंगणवाडी सेविका आहे, डोंगराकडच्या पाड्यावर. आमच्याकडे एकच खोली, चौतीस मुलं पटावर, त्यात वजनं, लसीकरण, रजिस्टरं आणि आता मोबाईलवर माहिती भरायची. दीड तास मोकळा खेळ वाचून हेवा वाटला. पण आमच्याकडे रोज एक मोठ्ठा खेळ असतो तो म्हणजे खिचडी. मी दोन महिन्यांपासून वाढप मुलांकडे दिलंय. रोज तीन 'वाढपी', डोक्याला रुमाल बांधून. एक ताटल्या मांडणार, एक पेले, एक लिंबाची फोड. सगळ्यांचं मांडून होईपर्यंत कुणी जेवायचं नाही, श्लोक म्हणायचा आणि मग सुरू. एकास एक मोजणी त्यातच होते बघा, ताटल्या एकोणतीस आणि पेले सव्वीस निघाले की पोरंच ओरडतात "तीन कमी!" लिहून दाखवायला वही लागत नाही त्याला.

हात धुणं पण तसंच. साबण लावून नुसतं धुवा म्हटलं की पाण्यात हात बुडवून पळतात. आता आम्ही 'आई बाळाला आंघोळ घालते' म्हणतो, एक हात आई, दुसरा बाळ, मग बोटाबोटांतून चोळतात, नखं पण.

आम्हाला ट्रेनिंगमध्ये बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याबद्दल सांगितलं होतं. १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं, पुढे १९५७ ला काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं बालवाडीत येत नाहीत म्हणून या बाया बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात घेऊन गेल्या, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. विकतची महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती, मग शंख-शिंपले, खडे, बिया, पानं हेच साधन. पहिला धडा आंघोळ आणि केस विंचरणं. माझ्या पाड्यावर अजूनही सकाळी पहिलं काम तेच असतं, म्हणून ते माझ्या फार लक्षात राहिलं.

---

पाटीपेन्सिल

रानजाई, 'एक हात आई, दुसरा बाळ' उद्यापासून आमच्याकडे सुरू!! आणि एका खोलीत चौतीस मुलांना घेऊन तुम्ही जे करताय त्यापुढे माझं काहीच नाही.

चिंचेचा_कोळ, तुमची भीती खोटी नाही. तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं, सभेत बायका बोलत नाहीत आणि मग गुपचूप शाळा बदलतात.

---

हातमाग

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, लहान मुलांबरोबर काम करते. चिंचेचा_कोळ यांच्यासाठी लिहितेय. पेन्सिल धरायला बोटांआधी खांदा, दंड, मनगट तयार व्हावं लागतं. ते झाडावर लोंबकळून, रांगून, भिजलेलं फडकं पिळून, कणीक मळून तयार होतं. माझ्याकडे साडेचार वर्षांची मुलं येतात, आईवडील म्हणतात लिहायला कंटाळा करतो, हात दुखतो म्हणतो. मी त्याला डबा उघडायला देते तर झाकण निघत नाही. बूट वेल्क्रोचे, पँटला इलॅस्टिक, शर्टाला चेन, शेंगा सोललेल्या, मोसंबी सोललेली, म्हणजे दिवसभरात बोटांना कामच नाही आणि एकदम पेन्सिल!

दुकानात शेंगा ठेवल्यात ना, त्या सोलायला लावा. कपडे वाळत घालायचे चिमटे ठेवा. तांब्यातून पेल्यात पाणी ओतू द्या, आधी धान्य मग पाणी, आणि जवळ फडकं ठेवाच. सांडणार आहे हे धरूनच चालायचं. चिमटे दाबून बोटांत ताकद आली की पेन्सिल आपोआप नीट धरली जाते असं मी म्हणणार नाही, पण पाया तोच आहे.

---

गारगोटी

वॉचमनचा किस्सा वाचून उडालोच, कारण हा प्रयोग खरोखर झालेला आहे. बालमानसशास्त्र शिकताना वाचला होता. रशियात मनुइलेंको नावाच्या संशोधक बाईंनी मुलांना न हलता उभं राहायला सांगितलं. नुसतं "उभा राहा" म्हटलं की मुलं थोडाच वेळ टिकायची, पण "तू पहारेकरी आहेस" असं खेळात सांगितलं की बराच जास्त वेळ. १९४८ मध्ये ते काम छापून आलं. अगदी तीनच्या आसपासच्या मुलांना पहारेकरी होऊन फारसा फायदा झाला नाही, मोठा फरक चार ते सहा वयात, म्हणजे नेमका तुमचा वर्ग.

यामागे वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाचा विचार आहे, १९३३ मधल्या त्याच्या खेळावरच्या व्याख्यानात तो येतो. आपल्याला वाटतं खेळ म्हणजे मनात येईल ते करणं. तो म्हणतो उलट आहे, खेळात मूल स्वतःच्या इच्छेला सगळ्यात जास्त आवर घालतं कारण प्रत्येक भूमिकेला नियम असतो. वॉचमनने पळायचं नाही, पेशंटने उठायचं नाही, दुकानदाराने माल स्वतः खायचा नाही. हे नियम बाईंनी घातलेले नसतात, खेळ चालू राहावा म्हणून मूल ते स्वतः पाळतं. बंडूच्या आईला हे सांगा, तिला फार बरं वाटेल.

आपल्या गल्लीतले खेळ पण बघा ना. तळ्यात मळ्यात घ्या, 'तळ्यात' ऐकून तळ्यात असतानाच उडी मारायची नाही, म्हणजे आलेली उडी आवरायची. शिवाजी म्हणतो, तेच. स्टॅच्यू, तेच. मामाचं पत्र हरवलं, त्यात तर आपल्या पाठीमागे रुमाल पडेपर्यंत गप्प गोलात बसायचं असतं.

---

आजीचा_बटवा_६२

आमच्या लहानपणी भातुकलीला कुणी शिक्षण म्हणत नसे, पण चार घरच्या पोरी एकत्र बसायच्या तेव्हा कोण सासू, कोण सून, कुणाच्या लग्नाला कुणी काय आणायचं यावर इतकी बोलणी व्हायची की अर्धा खेळ बोलण्यातच संपायचा. चुरमुरे, गूळ, दाणे एवढंच सामान, त्यात सगळ्यांना पुरवायचं. आता नातीला प्लॅस्टिकचा किचन सेट आणलाय, त्याच्यात बटण दाबलं की फोडणीचा आवाज येतो. ती बटण दाबते आणि बघत बसते. मी तिला खरी छोटी पोळपाट-लाटणी दिली. पहिली पोळी नकाशासारखी झाली, तीच तिने आजोबांना वाढली आणि त्यांनी ती सगळी खाल्ली.

---

वर्गपहिली

जि.प. शाळेत पहिलीला शिकवतो, १७ वर्षं. चिंचेचा_कोळ ताई, पहिलीत आल्यावर काय होतं ते मी सांगू शकतो. जूनमध्ये मला अडचण अक्षरं न येणाऱ्या मुलाची नसते, अक्षरं शिकवायलाच तर मी बसलोय. अडचण कुठे येते, तर शी-शू लागली हे सांगता येत नाही, पेन्सिल हरवली तर रडत बसतं पण मागत नाही, दोन सूचना एकदम दिल्या की दुसरी विसरतं, चुकलं की पान फाडतं. आणि सगळं लिहिता येणारं पण "हे काय लिहिलंयस?" विचारलं की गप्प, असंही मूल दरवर्षी असतं. जे मूल विचारतं, चुकल्यावर परत करून बघतं, ते दिवाळीपर्यंत वाचायला लागतं असा माझा अनुभव आहे. प्रत्येक मूल वेगळं हे आहेच.

आणि सभेतल्या त्या बाबांना सांगायला सरकारी आधार पण आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वय हा एकच पायाभूत टप्पा धरलाय आणि २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात ३ ते ६ वयाला ठरावीक पाठ्यपुस्तक नकोच असं म्हटलंय. पण खरं सांगू का, पालकसभेत धोरण वाचून दाखवलं तर कुणाचं समाधान होत नाही. मूल दाखवावं लागतं.

---

इझारकाठी

सध्या म्युनिकला आहे, मुलगा इथल्या किंडरगार्टनला जातो. हा शब्द मुळात जर्मनीतलाच, फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने १८४० मध्ये दिलेला. इथे सहा वर्षांचं होऊन शाळेत जाईपर्यंत अक्षरं शिकवतच नाहीत, पहिल्यांदा मी पण तुमच्या त्या बाबांसारखाच अस्वस्थ झालो होतो. मुलगा तीन वर्षांचा असताना बाहेर जायची वेळ झाली की वीस मुलं जमिनीवर बसून आपापली रबरी पँट, जॅकेट, बूट चढवायची. अर्धा तास जायचा त्यात! मी मदतीला वाकलो तर बाईंनी हळूच थांबवलं. त्यांच्या लेखी तो अर्धा तास म्हणजेच त्या दिवसाचा धडा होता. सफरचंद खऱ्या सुरीने कापायला देतात, बाई शेजारी बसून. आता तो सहाचा होईल, दोनच आठवड्यांपूर्वी भारतात आलो होतो तर आजीला कांदा चिरून दिला, आजीचा जीव टांगणीला.

एक अजून, सुरुवातीला आई किंवा बाबाने दोन-चार आठवडे वर्गात बसायचं, हळूहळू वेळ कमी करायचा, अशी पद्धत आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडे जी रडारड होते आणि मुलाला ओढून आत नेतात ते आठवलं की वाईट वाटतं. सगळ्यांना रजा मिळणार नाही हे मान्य, पण एक आठवडा?

---

पाटीपेन्सिल

इझारकाठी, आमच्याकडे शेतीची कामं नेमकी जूनमध्येच असतात, पेरणी सोडून कोण बसणार. पण आज्या येऊ शकतात! हे डोक्यात आलं नव्हतं, पुढच्या वर्षी करते.

---

डावा_उजवा

सगळं छान छान चाललंय म्हणून एक वेगळं मत. हरणं कधी शिकवणार? आजकाल शाळांत संगीत खुर्ची पण बंद केली म्हणे, मुलं रडतात म्हणून. बाहेर जग काही सगळ्यांना खुर्ची देत नाही. हरायची सवय लहानपणीच लागली पाहिजे.

---

पाटीपेन्सिल

डावा_उजवा, मुद्दा बरोबर आहे, हरणं शिकायलाच हवं. पण संगीत खुर्ची नीट बघितलीत तर सगळ्यात आधी कोण बाहेर जातं? सगळ्यात लहान, सगळ्यात हळू. ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज तोच भिंतीला टेकून पंधरा मिनिटं बसतो. त्यात तो हरणं शिकत नाही, "मला जमत नाही" हे शिकतो. आम्ही बदल केलाय, खुर्ची कमी होते पण मूल बाहेर जात नाही, उरलेल्या खुर्च्यांवर सगळ्यांनी मावायचं. शेवटी दोन खुर्च्यांवर आठ जणं, मांडीवर, काठावर, पाय वर धरून. पडतात, हसतात, "ए सरक ना जरा" म्हणतात. हरण्यासाठी आमच्याकडे सापशिडी आहे. मी स्वतः मुद्दाम खेळते आणि सापाने गिळलं की मोठ्याने म्हणते, "श्शी, मला वाईट वाटलं. परत टाकते फासा." पुढच्या आठवड्यात हेच वाक्य मुलांच्या तोंडून ऐकू येतं, माझ्याच सुरात.

---

डावा_उजवा

हे पटलं. भिंतीला टेकून बसणारा मीच होतो.

---

सायलीचा_वेल

माझा मुलगा साडेचार वर्षांचा, बोलणं उशिरा सुरू झालंय, अजून दोन-तीन शब्दच एकत्र. आधीच्या शाळेत त्याला बाकीच्यांबरोबर घ्यायचे नाहीत, शांत बसतो म्हणून कौतुक करायचे. मला विचारायचंय, असा दुकान-दुकान खेळ त्याला कसा जमेल? बोलावंच लागतं ना त्यात.

---

पाटीपेन्सिल

जमेल हो ताई. दुकानात न बोलता करायची कामं भरपूर असतात. पिशवीत भरणं, वजन करणं, ट्रॉली ओढणं. आमच्याकडे चित्रांची यादी आहे, चिंचोक्याचं चित्र, शेंगेचं चित्र, गिऱ्हाईक बोट दाखवतं. ती मी एका कमी बोलणाऱ्या मुलीसाठी केली होती, आता सगळेच वापरतात. त्याला एक ठरलेलं काम द्यायला सांगा ज्याच्यासाठी बाकीच्यांना त्याच्याकडे यावंच लागेल. स्पीच थेरपी सुरू असेलच, नसेल तर ते आधी.

---

हातमाग

+१. आणि शांत बसतो हे कौतुक नेहमी तपासून बघायचं.

---

वर्गपहिली

पाटीपेन्सिल, वहीचं सुचवतो. पालकांना भाषण नको, पुढच्या सभेत त्यांनाच दुकानात पाठवा. मुलं दुकानदार, पालक गिऱ्हाईक. रांगेत उभं राहायचं, मागायचं, पैसे मोजून द्यायचे.

---

पाटीपेन्सिल

तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा.

वर्गपहिली सरांनी सांगितलं तसंच केलं. शनिवारी पालकांना बोलावलं, बाकं काढून टाकली, दुकान, दवाखाना आणि चहाची टपरी मांडली. चहा खोटा, पण पाणी खरं, ओतायचं खरं. ते कोरी वहीवाले बाबा रांगेत चौथे होते. पुढे एक आजोबा बराच वेळ शेंगा निवडत होते तर हे बाजूने पुढे सरकले. त्यांच्याच मुलीने, काउंटरच्या मागून, हात आडवा धरून सांगितलं, "बाबा, नंबर." अख्खा वर्ग शांत झाला. ते मागे जाऊन उभे राहिले आणि त्यांची पाळी आल्यावर तिने अर्धा किलो चिंचोके जोखून, पिशवीला गाठ मारून दिले. गाठ मारायला तिला चांगला वेळ लागला. ते थांबले, हात पुढे केला नाही. जाताना मला म्हणाले, "ताई, घरी तर हिचे बूट मीच घालतो." एवढंच बोलले.

सगळे पालक पटले असं नाही. दोघांनी तरी विचारलंच, अंक कधी लिहायला घेणार म्हणून. मोठ्या गटाला दुकानाच्या पाट्या आणि भाव लिहायला द्यायचं ठरवलंय, म्हणजे लिहिण्याला काहीतरी कारण असेल. एकाने शेंगांच्या डब्यावर ५ उलटा काढलाय, तो तसाच ठेवलाय.

आणि बंडू. परवा दुकान उघडलं तर दारात वॉचमन नव्हता. म्हटलं गेला कुठे, तर एका लहान मुलीच्या डोक्यावर आपली टोपी घालून तिला दारात उभं केलं होतं आणि स्वतः रांगेत होता, तिसरा. एकदा पुढे सरकला, परत मागे आला. त्याची पाळी आल्यावर पाव किलो रिठे मागितले.

---

चिंचेचा_कोळ

वाचून रडले. आज सकाळी लेकीने डबा स्वतः भरते म्हणाली, चटणी सगळीकडे झाली, बस चुकली आणि मी रिक्षाने सोडून आले. ताई, त्या कमी बोलणाऱ्या मुलीसाठी केलेल्या चित्रांच्या यादीचा फोटो टाकाल का इथे? सायलीचा_वेल यांनाही लागेल आणि मलाही.

---

पाटीपेन्सिल

टाकते उद्या. चित्रं मावशींनी काढलीयत, त्यांना विचारून टाकते.